पीक न आलेली सात वर्षे

इंग्रजी भाषेत लिहिलेले मराठीचे पहिले व्याकरण १८०५ मध्ये छापून बाहेर पडले. ते ना मुंबईत छापले गेले ना पुण्यात. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर सेरामपूर नावाचे एक शहर आहे, तेथील एका छापखान्यात ते सिद्ध झाले. (याही गावाला श्रीरामपूरच म्हणतात, पण साखर कारखान्यांच्या आपल्या श्रीरामपूरशी त्याचा काही संबंध नाही.) व्याकरणकर्त्याने महाराष्ट्राच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तो मराठी शिकला आणि कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना ती शिकवू लागला. १८१० मध्ये त्याने मोडी अक्षरांत मराठीचा कोशही छापला. मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात ‘सेरामपूरचे मिशनरी’ असा उल्लेख वारंवार येतो, त्यांतला हा प्रमुख. नाव विल्यम कॅरी.

वाङ्मयेतिहासाची पुस्तके वाचताना या माणसाची प्रतिमा मनात उभी राहते ती यशस्वी विद्वानाची. चाळीस वर्षांत तीन डझनांहून अधिक भाषांत बायबल किंवा त्याचे भाग छापणारा आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळवणारा हा मनुष्य गव्हर्नर-जनरलच्या दरबारातही मानाचा होता. परंतु तो भारतात आला होता तो यांपैकी कशासाठीही नाही. तो ख्रिस्ताचे शुभवर्तमान सांगायला आला होता, आणि त्या कामाची त्याची पहिली सात वर्षे इतकी निष्फळ गेली की दुसरा कोणी असता तर दोन वर्षांतच परतीच्या जहाजाची चौकशी करू लागला असता. ही हकिकत मुख्यतः त्या सात वर्षांची आहे.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड कॅरी विणकर होते. पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. उन्हात काम केले की मुलाच्या त्वचेला त्रास होई, म्हणून शेतमजुरीचा विचार सोडून त्याला चौदाव्या वर्षी जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. दुकानात आरी आणि रापी चालवताना त्याने ग्रीक शिकायला सुरुवात केली. पुढे लॅटिन, हिब्रू, फ्रेंच आणि डच या भाषाही त्याने स्वतःच्याच बळावर आत्मसात केल्या. सोबतच्या एका उमेदवाराच्या संगतीने तो राजमान्य चर्चपासून दूर असलेल्या पंथीयांकडे ओढला गेला आणि १७८३ मध्ये नेन नदीत त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याआधी दोन वर्षे डॉरोथी प्लॅकेट या मुलीशी त्याचा विवाह झाला होता. ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. विवाहाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली केली. त्यांची पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच आजारात विल्यमच्या डोक्यावरचे केस गेले व बरीच वर्षे त्याला केसांचा टोप घालावा लागला.

मोल्टन गावी तो शाळामास्तर, मोची आणि मंडळीचा पाळक अशी तिन्ही कामे करी, आणि तरीही घरात दारिद्र्य असे. कॅप्टन कुकच्या सागरी प्रवासांची वर्णने त्याने येथेच वाचली. जगाचा एक मोठा हातनकाशा करून त्याने भिंतीवर लावला होता. प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म आणि राहणी यांची टिपणे त्यावर लिहिलेली होती. जोडा शिवता शिवता तो त्या नकाशाकडे पाहत असे.

येथे एक धर्मशास्त्रीय मुद्दा समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या साऱ्या हकिकतीचे मूळ त्यात आहे. कॅरी ज्या बॅप्टिस्ट पंथाचे होते, त्याची श्रद्धा अशी की मनुष्याचे तारण सर्वस्वी ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून असते. माणसाच्या प्रयत्नाने कोणाचे अंतःकरण पालटत नाही. या श्रद्धेवरून अनेक वडीलधाऱ्या पाळकांनी सोयीचा निष्कर्ष काढला होता. दूरदेशीच्या लोकांना तारायचे ईश्वराच्या मनात असेल तर तो आपल्याला न विचारता ते करील. आपण घरी बसावे. पाळकांच्या एका बैठकीत कॅरींनी हा प्रश्न काढला तेव्हा एका ज्येष्ठाने त्यांना खाली बसायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. कॅरींनी ती मूळ श्रद्धा नाकारली नाही, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. फळ देणे ईश्वराकडे आहे हे त्यांनाही मान्य होते. पण म्हणूनच पेरणाऱ्याने फळाच्या भीतीने हात आखडू नये, असे त्यांचे म्हणणे. ज्या विचाराने इतरांना घरी बसवले, त्याच विचाराने या माणसाला घराबाहेर काढले, आणि पुढे परदेशात टिकवूनही धरले.

१७९२ मध्ये त्यांनी या विषयावर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील चोपन्नाव्या अध्यायावर प्रवचन केले. त्या अध्यायात एका वांझ स्त्रीला आपला तंबू मोठा करायला सांगितले आहे, कारण तिची लेकरे अगणित होणार आहेत. देवाकडून मोठ्या गोष्टींची अपेक्षा धरावी आणि देवासाठी मोठ्या गोष्टी करायला धजावे, असा त्या प्रवचनाचा मथितार्थ होता. ऑक्टोबरमध्ये केटरिंग गावी एका विधवेच्या घरी डझनभर खेडवळ पाळक जमले आणि त्यांनी एक मिशनरी मंडळी स्थापन केली. वर्गणीची वचने लिहिलेल्या चिठ्ठ्या अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा झाल्या. एकूण आकडा भरला १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स.

कॅरींच्या जोडीला बंगालमध्ये राहून आलेले जॉन टॉमस नावाचे एक वैद्य होते. मनुष्य भाविक आणि कळवळ्याचा, पण पैशाच्या बाबतीत कमालीचा अव्यवहारी. कंपनीच्या मुलुखात परवान्यावाचून मिशनऱ्यांना प्रवेश नव्हता. पहिल्या जहाजावरून, परवाना नाही आणि टॉमस यांचे सावकार मागे लागलेले म्हणून, दोघांनाही उतरवण्यात आले. डॉरोथी तेव्हा बरोबर नव्हतीच. तिने जायला साफ नकार दिला होता, आणि कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन एकटेच निघाले होते. परत यावे लागल्यामुळे तिची मनधरणी करायला पुन्हा संधी मिळाली. बहीण बरोबर येईल तर येते, असे ती म्हणाली. कुशीत काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन ती १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून एका डॅनिश जहाजावर चढली. त्या कुटुंबाने पाच महिने समुद्रावर काढले आणि ११ नोव्हेंबरला ते कोलकात्यात उतरले. कॅरी इंग्लंडला पुन्हा कधीच गेले नाहीत.

आल्यानंतर काही आठवड्यांतच जवळचे पैसे संपले. व्यवहार टॉमस यांच्या हाती होता आणि त्यांची राहणी कोलकात्यातल्या डॉक्टराला शोभेल अशी होती. कॅरी कुटुंब शहराबाहेर एका सावकाराच्या मोडक्या बागघरात राहू लागले. डॉरोथी आणि फेलिक्स हगवणीने आजारी पडले. पुढे शेती करून पोट भरावे म्हणून ते सुंदरबनाच्या कडेला देभट्टा येथे नावेने गेले. वाघांच्या भीतीने ओस पडलेला तो मुलूख होता. कंपनीच्या मीठ खात्यातील चार्ल्स शॉर्ट या अधिकाऱ्याने या अनोळखी कुटुंबाला घरात घेतले म्हणून ते वाचले.

या दिवसांतील कॅरींची रोजनिशी उपलब्ध आहे, आणि ती एखाद्या विजयी धर्मवीराची मुळीच नाही. आपल्याला एकही मित्र नाही, पत्नी आणि मेव्हणी आपल्याविरुद्ध आहेत, आपले मन थंड पडले आहे, प्रार्थनेत गोडी उरलेली नाही, अशा तक्रारी पानोपानी येतात. सर्वांत जास्त दोष ते स्वतःलाच देतात. मात्र या नोंदींना एक ठरावीक वळण आहे. सकाळी लिहिलेले नैराश्य संध्याकाळपर्यंत ओसरते. ते रानात किंवा बागेत एकटेच जाऊन प्रार्थना करतात, आणि ईश्वराचे वचन आपल्या मनःस्थितीवर अवलंबून नाही, एवढ्या एका आधारावर येऊन थांबतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अमेरिकेतील आदिवासींमध्ये काम करून तरुणपणीच वारलेल्या डेव्हिड ब्रेनर्ड यांची रोजनिशी त्यांच्या नित्य वाचनात असे. तिच्यामुळे त्यांना धीर येई, आणि आपण त्या माणसापुढे किती कमी पडतो या विचाराने लाजही वाटे. श्रद्धेने या माणसाचे दुःख दूर केले असे त्या पानांवरून म्हणता येत नाही. दुःखाच्या दिवशीही बंगालीचा धडा चुकू दिला नाही, इतके मात्र निश्चित म्हणता येते.

१७९४ च्या जूनमध्ये मालद्याकडील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. जॉर्ज उडनी या कंपनीच्या धार्मिक वृत्तीच्या अधिकाऱ्याने ती दिली. महिना दोनशे रुपये पगार. कॅरींनी लगोलग इंग्लंडला कळवले की आता मला तुमच्या पैशांची गरज नाही, ते दुसरीकडे मिशनरी पाठवायला वापरा. या पत्राचे तिकडे स्वागत व्हायला हवे होते. पण हा मनुष्य मिशन सोडून व्यापाराच्या नादी तर लागला नाही ना, अशी शंका मंडळीतील काहींना आली आणि तशी समज देणारे पत्र आले. मायदेशातून पहिले पत्र हाती पडायला आल्यापासून दीड वर्ष लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संशयाचा डंख किती खोल गेला असेल याची कल्पना येते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने आणि हगवणीने गेला. कॅरी स्वतःही तापाने अंथरुणावर होते. विटाळाच्या आणि जातीबाहेर टाकले जाण्याच्या भीतीने परधर्मीयाच्या प्रेताला हात लावायला कोणी तयार होईना. थडगे खणायला माणसे मोठ्या मिनतवारीने मिळाली, प्रेत उचलायला तीही मिळेनात. लोक दुष्ट होते असे नव्हे; रूढीचा पगडाच तसा होता. ज्यांच्यासाठी आपण आलो त्यांच्या आणि आपल्यामध्ये केवढी भिंत आहे, हे बापाला मुलाच्या मरणाच्या दिवशी कळावे, यासारखी निराशा दुसरी कोणती असणार?

डॉरोथीचे मन यानंतर सावरले नाही. १७९५ पासून तिला भ्रम होऊ लागले. नवरा परस्त्रियांकडे जातो असे तिला वाटे; ती रस्त्यात त्यांच्या मागे जाऊन शिव्या देई, आणि प्रकरण त्यांच्या जिवावर बेतण्यापर्यंतही गेले. पुढची बारा वर्षे तिने त्याच अवस्थेत काढली. बराचसा काळ तिला खोलीत बंद ठेवावे लागे आणि शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करीत बसत. त्यांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग पतीच्या सहनशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितला आहे, आणि तो तसा आहेही. तथापि, ज्या श्रद्धेने कॅरींना तारले त्या श्रद्धेच्या प्रवासाला डॉरोथीने मनापासून होकार कधीच दिला नव्हता. तिच्या बाजूची रोजनिशी कोणी लिहिली नाही. ती लिहिण्याइतकी अक्षरे तिच्यापाशी नव्हती. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती वारली. कॅरींचे मोठेपण सांगताना हे ओझे बाजूला ठेवणे योग्य होणार नाही.

मदनाबाटीच्या आसपासच्या खेड्यांतून कॅरी नित्य फिरत आणि उपदेश करीत. लोक ऐकून घेत, मान डोलावत, प्रश्न विचारीत आणि घरी जात. मुन्शी राम राम बसू हे बुद्धिमान गृहस्थ ख्रिस्ताविषयी आस्थेने बोलत, त्यांनी पद्येही रचली. बाप्तिस्म्यापर्यंत मात्र ते कधी आले नाहीत, आणि १७९६ मध्ये एका नैतिक प्रकरणावरून त्यांना दूर करण्याची वेळ आली. कॅरींची सर्वाधिक भिस्त त्यांच्यावर होती. पुरांनी निळीचे पीक बुडवले. वर्षामागून वर्ष गेले, आणि एकाही बंगाली मनुष्याने त्यांचा धर्म स्वीकारला नाही.

या काळात त्यांनी केले काय? संस्कृत शिकायला घेतले, कारखान्यातील कामकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, बाग लावली, इंग्लंडहून बियाणे व शेतीची अवजारे मागवली, आणि नव्या कराराचे बंगाली भाषांतर पूर्णत्वास नेले. उडनी यांनी १७९८ मध्ये एक लाकडी छापयंत्र घेऊन दिले. ते पाहायला लोटलेल्या गावकऱ्यांना हे इंग्रजांचे दैवतच वाटले. श्रोता नसताना बोलण्याचे, वाचक नसताना छापण्याचे हे धाडस बाहेरून पाहणाऱ्याला वेडेपणाचेच वाटणार. कॅरींच्या मनात मात्र तो वांझ स्त्रीचा तंबू होता. तो अध्याय त्यांनी इंग्लंडमध्ये उत्साहाच्या भरात निवडला होता. त्याचा खरा अर्थ त्यांना मदनाबाटीच्या ओसाड दिवसांत उमगला असावा, असे मला वाटते.

१७९९ च्या शेवटी इंग्लंडहून नवे सहकारी आले: जोशुआ व हॅना मार्शमन हे शिक्षक दाम्पत्य, विल्यम वॉर्ड हे मुद्रक, आणि आणखी काही जण. कंपनी त्यांना आपल्या मुलुखात राहू देईना. सेरामपूर डॅनिश राजाच्या ताब्यात होते आणि तेथील गव्हर्नर ओले बी यांनी आश्रय दिला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी मदनाबाटीकडचे सारे सोडून, छापयंत्र व आजारी पत्नी यांसह तेथे आले. नव्यांपैकी ग्रँट आल्यावर काही आठवड्यांतच वारले होते, आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी काही गेले.

कृष्ण पाल नावाचा एक सुतार सेरामपूरजवळ राहत असे. नोव्हेंबर १८०० मध्ये नदीवर स्नानाला जाताना तो घसरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. मिशनमध्ये एक साहेब वैद्य आहे हे त्याला ठाऊक होते. टॉमस नेमके त्या दिवसांत तेथे आले होते. त्यांनी कृष्णाला झाडाला बांधून खांदा बसवला आणि हात बसवता बसवता आत्म्याच्या वैद्याविषयी सांगितले. सात वर्षे ज्यांच्यामुळे कॅरींना मनस्ताप झाला, त्याच टॉमस यांच्या हातून हे घडावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. कृष्ण पुन्हा पुन्हा येऊ लागला. डिसेंबरात त्याने मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवण केले आणि जातीचे बंधन सर्वांदेखत तोडले. संतप्त जमावाने त्याला ओढत दंडाधिकाऱ्यापुढे नेले. डॅनिश सरकारने त्याला संरक्षण दिले.

२८ डिसेंबर १८०० रोजी, रविवारी, हुगळीच्या घाटावर बाप्तिस्म्याचा विधी झाला. युरोपीय, हिंदू, मुसलमान असे सारे पाहायला जमले होते. गव्हर्नर बी यांच्या डोळ्यांत पाणी आले. कॅरींनी प्रथम आपला थोरला मुलगा फेलिक्स याला आणि मग कृष्ण पाल याला पाण्यात उतरवले. कृष्णाबरोबर तयार झालेला आणखी एक जण आयत्या वेळी मागे फिरला होता. आणि त्याच वेळी मिशनच्या आवारात एका बाजूला टॉमस यांना कोंडून ठेवावे लागले होते. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा आनंद त्यांच्या मनाला पेलला नाही व त्यांना उन्मादाचा झटका आला होता. दुसऱ्या बाजूच्या खोलीत डॉरोथी होती. कॅरींच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या सुखाच्या दिवसाची ही पार्श्वभूमी होती. कृष्ण पाल पुढे स्वतः उपदेशक झाला, त्याने बंगालीत स्तोत्रे रचली, आणि १८२२ मध्ये पटकीने मरेपर्यंत त्याने ते काम सोडले नाही.

यानंतरची वाटचाल बहुतेकांना परिचित आहे. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला, आणि त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींची बंगालीचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. संस्कृत आणि मराठी नंतर आल्या. पगारातील घरखर्चापुरते ठेवून बाकीचे सारे सामाईक निधीत जाई, कारण सेरामपूरचे सर्वजण एका कुटुंबासारखे राहत. राम राम बसू यांनाही त्यांनी कॉलेजात काम मिळवून दिले. मराठीत १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आले आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार. पुढे ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ ही पुस्तकेही सेरामपूरला मोडीत छापली गेली. या मराठीविषयी खरे तेच सांगायला हवे: मुंबई-पुण्याच्या वाचकाला ती परकी वाटे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना बायबलचे मराठी भाषांतर नव्याने करावे लागले. एवढ्या परिश्रमांचे हे फळ तसे अल्पच. पण मराठी अक्षरांचे खिळे ओतले जाऊ शकतात आणि गद्याची पुस्तके छापता येतात, ही गोष्ट त्या छापखान्याने दाखवून दिली.

त्या छापखान्यावरच ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी घाला आला. बुधवार होता, कॅरी कॉलेजच्या कामासाठी कोलकात्यात होते. कागदाच्या कोठारात आग लागलेली वॉर्ड यांच्या लक्षात आली. दारे-खिडक्या बंद करून आग कोंडण्याची त्यांनी शिकस्त केली. काही वेळ ती दबलीही. पण कोणीतरी एक खिडकी उघडली आणि वारा आत शिरताच ज्वाळा भडकल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. चौदा भाषांचे खिळे वितळून गेले, कागदाचा साठा जळाला, आणि हस्तलिखिते राख झाली. तेलुगू व पंजाबी व्याकरणांचे लेखन त्यांत होते, आणि कॅरींनी अनेक वर्षे खपून तयार केलेल्या बहुभाषी कोशाची पानेही होती. हा कोश त्यांना पुन्हा कधीच उभा करता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी कोलकात्याला जाऊन ही वार्ता सांगितली तेव्हा कॅरींना काही वेळ बोलताच येईना. संध्याकाळी ते परतले आणि अजून धुमसणाऱ्या राखेतून फिरले.

त्या रविवारी त्यांनी शेहेचाळिसाव्या स्तोत्रावर प्रवचन केले. शांत राहून ईश्वर हाच ईश्वर आहे हे जाणण्याविषयीचे ते स्तोत्र. देवाला आपल्याविषयी हवे ते करण्याचा अधिकार आहे आणि ते स्वीकारणे हे आपले कर्तव्य, अशी त्यांची मांडणी होती. आजच्या वाचकाला ही शरणागती काहीशी कठोर वाटेल. तिचे व्यावहारिक रूप मात्र वेगळे होते. एका मित्राला त्यांनी कळवले की, एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी जाते, तेव्हा नवी भाषांतरे जुन्यांहून चांगली होतील. राख उपसताना खिळे पाडण्याचे मूळ पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. छापयंत्रेही वाचली होती. वितळलेल्या धातूपासूनच पुन्हा खिळे ओतण्यास सुरुवात झाली आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा चालू झाली. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात बातमी पोहोचली तेव्हा सुमारे दोन महिन्यांत दहा हजार पौंड जमले. तपकिरीच्या डबीतल्या तेरा पौंडांपासून हे अंतर वीस वर्षांचे होते.

पुढच्या आयुष्यातही निराशेने त्यांची पाठ सोडली नाही. ती आता आपल्याच माणसांकडून येऊ लागली. १८१५ मध्ये फुलर वारले. नव्या व्यवस्थापकांनी कॅरींना कधी पाहिलेही नव्हते. सेरामपूरची मालमत्ता कोणाची, पैशांचा हिशेब कोण देणार, अशा प्रश्नांवरून कडवट पत्रव्यवहार झाला आणि १८२७ मध्ये, आपणच स्थापन केलेल्या मंडळीशी त्यांना संबंध तोडावा लागला. १८२३ हे वर्ष फार वाईट गेले. मार्चमध्ये वॉर्ड पटकीने गेले. ऑक्टोबरात नावेतून उतरताना कॅरी पडले व कमरेला जबर दुखापत झाली, आणि ते अंथरुणाला खिळलेले असतानाच दामोदरच्या महापुराने त्यांची बाग उद्ध्वस्त केली. पूर ओसरताच त्यांनी नवी रोपे मागवली.

ती बाग हा त्यांच्या श्रद्धेचाच एक भाग होता. पहाटेची प्रार्थना ते तिच्यातच करीत. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतली माती त्यांनी एकदा सावलीच्या जागी झटकली, आणि काही दिवसांनी तेथे त्यांच्या लहानपणच्या कुरणांतले डेझीचे फूल उगवून आले. तीस वर्षांत ते फूल त्यांनी पाहिले नव्हते. या विषयातल्या त्यांच्या अधिकाराची दखल रॉक्सबर्ग यांनी घेतली आणि एका वृक्षप्रजातीला कॅरींचे नाव दिले. आपल्या सह्याद्रीत कुंभा म्हणून ओळखला जाणारा वृक्ष त्याच प्रजातीतला.

डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत उतरवण्यासाठी त्यांच्याकडे आला तो दिवस रविवारचा होता. प्रवचनाचे काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले आणि पंडिताला घेऊन ते भाषांतराला बसले. एका दिवसाच्या विलंबानेही कोणा विधवेचा जीव जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तीस वर्षांपूर्वी, १७९९ मध्ये, त्यांनी एक सती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि ती थांबवण्यासाठी केलेली विनवणी व्यर्थ गेली होती.

आपले चरित्र कोणी लिहिलेच तर, हा मनुष्य नेटाने रखडत चालत राहिला, एवढेच श्रेय आपल्याला द्यावे, असे त्यांनी पुतण्याला सांगून ठेवले होते. शेवटच्या महिन्यांत त्यांना चालता येईना, तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत फिरवीत. आपल्या मागे मार्शमन या बागेत गाई सोडतील, या काळजीने ते एकदा चक्क खिन्न होऊन बसले. वनस्पतींची कॅरींसारखी आवड आपल्याला नसली तरी बाग सुरक्षित राहील, असे वचन मार्शमन यांना हसत हसत द्यावे लागले. ९ जून १८३४ रोजी सकाळी कॅरी वारले. सेरामपूरच्या मिशनच्या दफनभूमीत, दुसरी पत्नी शार्लोट हिच्या शेजारी त्यांना ठेवले. दगडावर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि एका जुन्या स्तोत्रातील, स्वतःला असहाय कीटक म्हणवून ईश्वराच्या हाती सोपवणाऱ्या दोन ओळी, इतकेच लिहावे, अशी त्यांची ताकीद होती. भाषांतरांचा, कोशांचा, कॉलेजचा त्यावर उल्लेख नाही.

बागेत गाई शिरल्या नाहीत. पुढे त्या जागेवर तागाची गिरणी उभी राहिली.